करमाडची तिसरी पलटण

माझ्या लॅपटॉपवर सध्या एक लढाई अर्धवट पडलेली आहे. मागच्या दिवाळीत मुलगी पुण्याहून आली तेव्हा तिनं हा खेळ घालून दिला. मी दिवसभर बातम्या बघत बसते आणि मग तिला फोनवर ऐकवते, त्याला ती कंटाळली होती. नकाशा षटकोनी घरांचा आहे आणि त्यावर पुठ्ठ्याच्या चौकोनी सोंगट्या. पुठ्ठा अर्थात खरा नाही, पण खेळ करणाऱ्यानं त्यांच्या कडा मुद्दाम घासलेल्या दाखवल्या आहेत, खाली बारीकशी सावली दिली आहे, आणि एक सोंगटी दुसरीवर ठेवली की टप् असा बोदा आवाज येतो. हा माणूस नक्की माझ्या वयाचा असणार. फासे तेवढे संगणक स्वतःच टाकतो, त्याचा मला काडीचा भरवसा नाही. हरले की मी त्याला मराठीत शिव्या घालते. माझे यजमान पेपर खाली करून बघतात आणि पुन्हा वर करतात.

समोर खेळणारा कोण, कुठला, हे मला ठाऊक नाही. त्याची चाल झाली की फोन वाजतो, 'आता तुमची पाळी' अशी अक्षरं उमटतात. हातातली मेथी तशीच टाकून मी उठते आणि चाल करून येते. मुलगी म्हणते, "आई, तीन दिवसांची मुदत असते. एवढी कसली घाई?" मी तिला म्हणते, बायकांना सवय असते काम वेळेवर करायची. खरं कारण मी तिला कधी सांगितलेलं नाही. आईलाही सांगितलं नव्हतं. आता ज्यांना सांगायला हवं होतं त्यांतलं कुणी उरलं नाही म्हणून लिहिते आहे, हे काही फार शौर्याचं काम नव्हे.

आम्ही गुलमंडीच्या मागच्या एका बोळात, कापडाच्या दुकानाच्या वर, दोन खोल्यांत राहत होतो. खालून दिवसभर कापड फाडल्याचा चर्रर्र आवाज यायचा. त्यावरून गिऱ्हाईक आहे की नाही, हे आई वर पोळ्या लाटता लाटता सांगायची. माझे वडील, ज्यांना आम्ही आण्णा म्हणायचो, ते एका सरकारी कचेरीत ट्रेसर होते. मूळ नकाशावर मेणचट निळसर कापड ताणून बसवायचं आणि खालची रेघ न् रेघ शाईनं वर उतरवायची, हे त्यांचं काम. दिवसभर ओणवं बसून त्यांची मान एका बाजूला कलली होती. रेघ ओढताना ते श्वास धरून ठेवत. घरी भाजी चिरतानाही धरत. कचेरीत एखादं कापड शाई सांडून वाया गेलं की ते घरी आणत. आई ते गरम पाण्यात उकळून त्याची खळ काढायची, आणि आतून इतकं मऊ सुती कापड निघायचं की माझे परकर आणि सगळ्यांचे हातरुमाल त्याचेच असायचे. माझ्या एका परकराच्या काठाजवळ कुठल्याशा ओढ्याचं नाव पुसट राहून गेलं होतं. वर्गातल्या मुली ते वाचायला वाकायच्या आणि मी लाजून मरायची.

खेळ आला तो छावणीच्या बाजारातून. आण्णा जुनी कंपासपेटी शोधायला गेले होते. बदली झालेल्या कुणा लष्करी साहेबाच्या घरचं सामान तिथल्या भंगारवाल्यानं उचललं होतं, त्यात एक चपटा खोका होता. वर रणगाड्याचं चित्र, आत घडीचा नकाशा, दोनशेवर सोंगट्या आणि बारीक टायपातलं इंग्रजी नियमांचं पुस्तक. भंगारवाला म्हणाला, "ले जाओ साब, बच्चों का खेल है." आण्णांनी आणला, आणि पुढचा महिनाभर ते डिक्शनरी घेऊन त्या पुस्तकाशी झटत होते. त्यांच्यासोबत झटायला वसंतकाका होते. ते त्यांच्याच कचेरीत शेजारच्या टेबलावर बसत, आण्णांचे एकुलते एक मित्र. आण्णा त्यांना वसंता म्हणत, ते आण्णांना दिनू. दुसरं कुणी आण्णांना दिनू म्हटलेलं मी ऐकलं नाही.

मग चार वर्षं आमचे सगळे रविवार त्या खेळाचे झाले. सकाळी दहाला काका जिना चढायचे. आई धपाटे थापायला घ्यायची, दह्याचं वाडगं आणि लसणाची चटणी मधे ठेवायची, आणि तेलकट हात नकाशाला लावायचे नाहीत म्हणून दोघांना एकेक ओलं फडकं द्यायची. दुपारी चुरमुऱ्यांचा सुशीला व्हायचा. मधे अर्धा अर्धा तास कुणी बोलायचं नाही, नुसते फाशांचे आवाज. काका हरायला लागले की त्यांना पान खायची आठवण व्हायची. एकदा ते पान खायला गेले आणि येताना इमरती घेऊन आले, म्हणजे त्यांनी मनातून शरणागती पत्करली होती. आई म्हणायची, "एवढी मोठी माणसं, आणि पुठ्ठ्यासाठी तोंडं पाडून बसत्यात." पण रविवारी काका आले नाहीत तर जिन्याकडे सगळ्यांत जास्त वेळा तीच बघायची.

आण्णांना एक गोष्ट मात्र खुपत होती. तो नकाशा परदेशातला. "ज्या नदीत कधी पाय घातला नाही, तिच्यावरचा पूल मी कसा उडवू?" असं ते म्हणत. ही मोठी नकाशेवाल्याची अडचण होती, दुसऱ्या कुणाला ती पडली नसती. शेवटी त्यांनी आपला मुलूखच काढला. पश्चिमेला दौलताबादचा डोंगर, मधे छावणी आणि शहर, पूर्वेला जालना रस्त्यावर करमाड. सायकलवर फिरून त्यांनी ओढे बघितले, चढ बघितले, आणि कचेरीतल्या वाया गेलेल्या कापडावर तो नकाशा षटकोनी घरांसकट उतरवला. सोंगट्या खालच्या दुकानातल्या साड्यांच्या खोक्यांच्या पुठ्ठ्यातून कापल्या. नकाशाच्या प्रती दोन केल्या, कारण तेवढ्यात काकांची परभणीला बदली झाली होती. खेळ मोडू नये म्हणून ठरलं की चाली पोस्टकार्डानं कळवायच्या. फाशांचं काय करायचं, यावर दोघांनी बराच खल केला. पत्रातून फासे टाकले तर विश्वास कुणी ठेवायचा? मग तोडगा निघाला. पुढच्या अमुक दिवशीच्या पेपरात शहराचं जे तापमान छापून येईल, त्याचा शेवटचा आकडा म्हणजे फासा. तो दोघांनाही सारखाच दिसणार, आणि लबाडी करायला जागाच नाही.

कार्ड लिहायचं काम माझं होतं. आण्णा जेवताना सांगत, मी लिहून सकाळी शाळेत जाताना पेटीत टाकत असे. त्यांनी सांगितलेलं अगदी कोरडं असायचं, नुसत्या घरांचे आणि सोंगट्यांचे आकडे. मला चौदा वर्षं पूर्ण झाली होती, निबंधात बक्षीस मिळत होतं, आणि आकड्यांचा मला मनापासून कंटाळा होता. मी आकड्यांच्या जागी गावांची नावं घालू लागले. मग वाक्यं रंगवू लागले. काकांना ते आवडलं असावं. त्यांच्या उत्तरात एकदा 'बखर छान चालली आहे' असं आलं. आण्णा टाकण्यापूर्वी कार्ड वाचत नसत. दिवसभर अक्षरं बघून त्यांचे डोळे थकलेले असायचे आणि माझ्यावर त्यांचा विश्वास होता.

त्या हिवाळ्यात सरहद्दीवर लढाईचं वातावरण होतं. आईनं खिडक्यांच्या काचांना काळा कागद चिकटवला होता. हवाई हल्ल्याचा भोंगा चालतो की नाही हे बघायला तो भर दुपारी वाजवत, आणि खालच्या दुकानातलं कापड फाडणं तेवढ्यापुरतं थांबायचं. शाळेत बाईंनी सांगितलं होतं की अनोळखी माणूस विचारपूस करताना दिसला तर मोठ्यांना कळवा. मी वर्गात मान डोलावली. त्याच आठवड्यात माझ्या वळणदार अक्षरात, उघड्या पोस्टकार्डावर, मी हे लिहिलं: 'आमची तिसरी पलटण करमाडहून निघाली आहे. बुधवारी छावणीवर हल्ला. छावणी पडेल की नाही, पूल उडवायचा की नाही, ते गुरुवारच्या पेपरातल्या तापमानावर ठरेल. कापडावर खूण करून ठेवणे.' आज हे वाचून कुणीही हसेल. मीही कधी कधी हसते. पण ते लिहिताना मला एकदाही वाटलं नाही की हे कार्ड काकांखेरीज आणखी कुणी वाचेल.

शुक्रवारी दुपारी दोघं जण जिना चढून आले. साधे कपडे होते, पण बूट पोलिसांचे होते. मी नुकतीच शाळेतून आले होते. आई दारात उभी राहिली.

"दिनकरराव इथंच राहत्यात नव्हं?" एकानं विचारलं.

"कचेरीत गेलेत."

"बरं. काय नाय, जरा विचारपूस होती. तिकडं जाऊन भेटतो. मग साहेब येतील सोबत. घरात नकाशे-बिकाशे असतील तर काढून ठेवा ताई, बघावं लागंल." दुसरा खोलीतून नजर फिरवत होता. माझ्या परकरावरही त्याची नजर क्षणभर थांबली असं मला वाटलं, आणि मी मोरीच्या आडोशाला सरकले.

ते गेल्यावर आईनं दार लोटून घेतलं. तिला नेमकं काय वाटलं, हे मला पुढं कैक वर्षांनी समजलं. गुन्हा काय ते तिला माहीतच नव्हतं. तिला एवढंच दिसत होतं की नवरा सरकारी नोकर आहे, घरात सरकारी कापडावर काढलेला शहराचा नकाशा आहे, त्यावर छावणी आहे, आणि बाहेर लढाई चालू आहे. नोकरी गेली तर खोली गेली, आणि आण्णांना आत टाकलं तर सगळंच गेलं. ती म्हणाली, "मालू, ट्रंक उघड." मी उघडली. तिनं बंब पेटवला, आणि नकाशाची गुंडाळी सोडून तिचे कात्रीनं तुकडे केले. माझ्या मनात त्या घटकेला फक्त कार्ड होतं. मी लिहिलेलं एकेक वाक्य मला आठवत होतं. म्हणून मी तिला थांबवलं नाही. उलट मदत केली. सोंगट्या मुठीमुठीनं बंबात टाकल्या, इंग्रजी पुस्तक पानं फाडून टाकलं, खोक्यावरचा रणगाडा सगळ्यात शेवटी गेला. कापडाला मेण जळाल्यासारखा वास येत होता.

तासाभरानं जिन्यावर आण्णांचा आवाज आला, आणि तो चक्क आनंदी होता. सोबत इन्स्पेक्टर होते. आण्णा त्यांना म्हणत होते, "पाच मिनिटांत उलगडा होतो बघा साहेब. नुसता खेळ आहे. तुम्हालाही आवडेल." त्यांनी चपला काढल्या, हात धुतले, कारण खेळाला ओले हात चालत नाहीत म्हणून पुसलेही, आणि ट्रंक उघडली. आत दोन ब्लँकेटं होती. त्यांनी ती उचलली. खाली माझी जुनी पुस्तकं. त्यांनी ब्लँकेटं पुन्हा ठेवली आणि पुन्हा उचलली.

"अगं, खोका कुठंय?"

इन्स्पेक्टर मोरीकडे बघत होते. बंबाच्या धुराड्यातून अजून धूर येत होता.

"ह्या वक्ताला बंब कशाला पेटवला ताई?" त्यांनी शांतपणे विचारलं. मग वाकून खालच्या राखेतून एक अर्धवट जळालेला चौकोन उचलला आणि आण्णांसमोर धरला. "खेळ होता तर जाळला कशाला? तुम्हीच सांगा मला दिनकरराव."

आण्णांनी आईकडे पाहिलं. रागानं नाही. मला वाटतं त्यांना त्या क्षणी सगळं समजलं. त्यांना वाचवू शकणारी एकच वस्तू घरात होती आणि आम्ही तिच्यावर पाणी तापवलं होतं. इन्स्पेक्टरांनी खिशातून कार्ड काढलं. आण्णांनी ते पहिल्यांदाच पूर्ण वाचलं. वाचताना त्यांनी श्वास धरला होता.

"अक्षर कुणाचं?"

आण्णांची नजर कार्डावरून माझ्यापर्यंत आली आणि परत गेली. "माझं," ते म्हणाले.

मी माठाजवळ उभी होते. चौदा वर्षांची होते म्हणजे लहान नव्हते. मी गप्प राहिले. जाताना आण्णांनी मला चहा टाकायला सांगितलं. साहेबांनी नको म्हटलं आणि ते दोघं खाली उतरले. खालच्या दुकानातला आवाज थांबलेला होता, म्हणजे सगळा बोळ बघत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी आई मला घेऊन ठाण्यात गेली. ती जन्मात ठाण्याची पायरी चढली नव्हती. तिनं डब्यात धपाटे घेतले होते, आणि ते द्यायला मिळतील की नाही याचीच काळजी ती वाटभर करत होती. दुसरी काळजी बोलून दाखवण्याची तिची हिंमत नव्हती. आण्णा मागच्या व्हरांड्यात बाकावर बसले होते. मान नेहमीपेक्षा जास्त कलली होती. इन्स्पेक्टर वाईट माणूस नव्हता, पण त्याच्या हातात एक कार्ड होतं आणि समोर राख होती. तो म्हणाला, "परभणीला विचारलं आम्ही. तुमचे ते वसंतराव म्हणत्यात, कार्डं यायची, पण त्यातलं त्यांना काय उमजत नव्हतं. फाडून टाकायचो म्हणले. खेळ-बिळ काय माहीत नाय म्हणत्यात."

काकांकडे नकाशाची दुसरी प्रत होती. ती दाखवली असती तर तिथल्या तिथं सगळं मिटलं असतं. माझ्या डोळ्यांसमोर त्यांचं पान खाऊन लाल झालेलं तोंड आलं आणि मला त्यांचा इतका तिटकारा वाटला की तसा पुढं आयुष्यात कुणाचा वाटला नाही. आण्णा मात्र खाली फरशीकडे बघत म्हणाले, "त्याला तीन लहान मुली आहेत. नोकरी अजून कच्ची आहे त्याची." जणू काकांना कुणीतरी बोल लावला होता आणि त्यांची बाजू घेणं हे त्यांचं काम होतं.

ते ऐकून मला काय झालं ठाऊक नाही. मी पुढं होऊन म्हटलं, "ते अक्षर माझं आहे. आण्णांनी आकडे सांगितले होते. बाकीचं मी लिहिलं." इन्स्पेक्टरांनी मला कागद-पेन्सिल दिली. 'करमाड' आणि 'छावणी' ही अक्षरं कार्डावरच्यासारखीच आली. ते बघत असताना छावणीतून आलेले एक लष्करी साहेब आत आले. कार्डावर छावणीचं नाव होतं म्हणून त्यांना बोलावलं होतं. उंच, पिकल्या मिशांचे, कंटाळलेले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "खेल है तो दिखाओ. जल गया तो क्या हुआ, याद तो होगा."

आण्णा उठले. कुणीतरी खडू आणून दिला. पण त्यांचे हात, जे केसाएवढी रेघ ओढायचे, ते खडू धरायला तयार नव्हते. दोनदा खडू खाली पडला. तेव्हा आईनं डबा बाकावर ठेवला, पदर खोचला आणि खाली बसली. म्हणाली, "इकडं आणा." तिनं शहाबादी फरशीवर ठिपके द्यायला सुरुवात केली. एका ओळीतला ठिपका खालच्या ओळीतल्या दोन ठिपक्यांच्या बरोबर मधोमध, वीस ओळी, एकही वाकडी नाही. मग ठिपक्यांभोवती षटकोन जोडत गेली. आमच्या घरी हा खेळ चार वर्षं चालला होता आणि तिनं त्याकडे कधी ढुंकून पाहिलं नाही असं आम्ही समजत होतो. पण त्याच्याभोवती केर काढता काढता तिला सगळं पाठ झालं होतं. "हा ओढा इथं. हितं दौलताबाद. करमाड अगदी त्या टोकाला, पूल दोन घरं अलीकडं." मी व्हरांड्यातल्या माठाखालचे खडे आणि काड्या गोळा करून पलटणी मांडल्या. आमच्या काड्या, काकांचे खडे. चूक झाली की आण्णा हळूच म्हणत, "एक घर डावीकडं."

ते लष्करी साहेब खुर्ची सोडून उकिडवे बसले. "हमारे यहाँ रेत पर करते हैं ये," ते इन्स्पेक्टरांना म्हणाले. मग काडीवर बोट ठेवून मला विचारलं, "बेटी, तुम्हारी ये तीसरी पलटन छावनी ले पाएगी?"

मी माझ्या मोडक्या हिंदीत सांगितलं की पलटण थकलेली आहे, समोर दुप्पट माणसं आहेत, शेवटचा आकडा आठ किंवा नऊ आला तरच. त्यांनी गुरुवारचा पेपर मागवला. कुणीतरी चहावाल्याकडून भजी बांधायला ठेवलेलं पान आणलं. आकडा होता चार. साहेबांनी काडी उचलली आणि बाजूला ठेवून दिली. "हमला फेल," ते म्हणाले, आणि हसले. इन्स्पेक्टरही हसले. आम्ही तिघं हसलो नाही.

आण्णांचा जबाब लिहून घेऊन त्यांना दुपारी सोडलं. निघताना इन्स्पेक्टरांनी मला समोर उभं करून सांगितलं, "पोरी, ह्या टायमाला सुटला तुझा बाप. इथून पुढं असलं एकबी कार्ड जायला नको आणि यायला बी नको. दुसऱ्या वेळी माझ्या हातात काय राहणार नाय." मी मान हलवली. ती ताकीद माझ्यात इतकी खोल गेली की आजही पोस्टमनचा खाकी रंग बघून माझं मन आधी पळ काढतं.

आण्णांची नोकरी राहिली, पण टेबल गेलं. त्यांना जुन्या कागदांच्या खोलीत बसवलं, जिथं नकाशाशी संबंध येत नव्हता. ते त्याबद्दल कधी काही बोलले नाहीत. आईला तर त्यांनी एका शब्दानं दुखवलं नाही. फक्त पहिले काही रविवार, काका परभणीला आहेत हे माहीत असूनही, ते दहाच्या सुमाराला उठून जिन्यापाशी जाऊन यायचे. आणि संध्याकाळी घरी आले की चपला काढता काढता विचारायचे, "वसंताचं काही आलं का?" मी एकदा म्हटलं, तुम्हीच लिहा ना. ते म्हणाले, "पहिलं त्यानं लिहावं. मी लिहिलं तर त्याला वाटेल जाब विचारतोय. तो लिहील, मला माहीत आहे तो."

त्यांना खरंच माहीत होते काका. पंधरा दिवसांनी कार्ड आलं. टपाल दुपारी यायचं, आई खाली नळावर होती, आणि ते माझ्या हातात पडलं. 'दिनू, मी घाबरलो. पोलिस दारात बघून मुलींची तोंडं दिसली आणि जिभेला येईल ते बोललो. नकाशा अजून पलंगाखाली आहे. तुझ्यासमोर यायची लाज वाटते. चाल माझी आहे, पण तू खेळणार असशील तरच.' त्यात नकाशा होता, चाल होती, सगळं होतं. मी ते दोनदा वाचलं आणि चुलीत घातलं. तेव्हा मला खात्री होती की मी आण्णांना वाचवते आहे. संध्याकाळी त्यांनी विचारलं, आणि मी नाही म्हटलं.

दुसरं कार्ड संक्रांतीला आलं. 'तिळगूळ घे. गोड नाही तरी काहीतरी बोल.' त्यात चाल नव्हती, नकाशा नव्हता, भीती वाटावी असं काहीच नव्हतं. ते मी रागानं जाळलं. पान खाऊन लाल झालेलं ते तोंड मी विसरले नव्हते. आणि तिसरं पाडव्याच्या सुमाराला आलं, तेव्हा राग आणि भीती दोन्ही ओसरली होती. ते मी खरंच द्यायला निघाले होते. पण दिलं तर त्यात लिहिलेल्या 'याआधीच्या दोन कार्डांचं' काय सांगायचं? मी संपूर्ण दुपार ते पुस्तकात ठेवून बसले. मग तेही गेलं. त्यानंतर काकांकडून काही आलं नाही, आणि आण्णांचं विचारणं हळूहळू आठवड्यातून एकदा, मग सणावारी, मग वर्षाकाठी झालं. बंद मात्र ते कधी झालं नाही. मी लग्न होऊन याच शहरात राहिले, बँकेत लागले, मुलगी झाली. मी माहेरी गेले की आण्णा इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर, जणू सहज आठवलं म्हणून, एकदा विचारायचेच.

ते गेले त्याच्या बाराव्याला वसंतकाका परभणीहून आले. बावीस वर्षांनी. हातात काठी, तोंडात दात कमी. जिना चढून आले ते तसेच आण्णांच्या फोटोसमोर बसून राहिले. आई आत पानं वाढत होती. मी पाणी घेऊन गेले. काका माझ्याकडे न बघता म्हणाले, "तीन कार्डं टाकली मी त्याला. एकाचंही उत्तर दिलं नाही दिनूनं. एवढा राग धरणारा माणूस नव्हता तो. पण हक्कच होता त्याचा." मग मान वर करून त्यांनी विचारलं, "फार राग होता का गं त्याला माझा?"

मी छत्तीस वर्षांची होते. दारात पोलिस नव्हते, लढाई नव्हती, कुणाची नोकरी जाणार नव्हती. मी पाण्याचा पेला त्यांच्या हातात दिला आणि म्हटलं, "हो काका, होता."